दारावरचा शेवटचा आकडा

हमीद, गोदामाच्या दारावर तू खडूनं लिहिलेला तुझा शेवटचा आकडा खोटा आहे, हे मला गेल्या महिन्यात, तुझ्या चाळीसाव्या दिवसाच्या फातिह्याला कळलं. सांगलीच्या हळद बाजारात तू सगळी हयात तोलाईदार होतास. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की तू वजन पुकारायचास, आणि विकणारा नि घेणारा दोघंही मान हलवायचे, कारण पुकारणारा तू असायचास. असा तू स्वतःचं वजन मात्र चार किलो वाढवून लिहून गेलास. कळल्यापासून मी हे लिहितो आहे. रोज चार-सहा ओळी होतात. माझा हात सावकाश चालतो, हे तुला ठाऊकच आहे.

तुझ्याविषयी लोक बरंच बोलले. सचोटीची माणसं आता राहिली नाहीत वगैरे. ते खरंच आहे, पण ते सगळ्यांचं आहे. माझ्या वाट्याला आला तो आपला वाद. जाडा आधी जातो की बारका, हा तो वाद. उंब्रजच्या शाळेत सुरू झालेला, आणि तू गेलास तरी माझ्या बाजूनं न मिटलेला.

सहावीत आरोग्य तपासणीला एक डॉक्टर आले होते, आठवतंय? मला काट्यावर उभं केलं तर काटा जागचा हलल्यासारखा वाटेना आणि तुला उभं केल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला. आपले वर्गशिक्षक म्हणाले, या दोघांची सरासरी काढली तर दोन सरळ पोरं निघतील. वर्ग हसला. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलास. मी हसलो नाही. घरी जाताना तू म्हणालास, "वश्या, तू पडशील तवा मी हाय. वाऱ्यानं उडाय लागलास तर माझी चड्डी धर." पुढे दहावीनंतर तू चुलत्यांच्या हाताखाली सांगलीला गेलास आणि मी शिकत शिकत साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो. तू पोती तोललीस, मी पुस्तकं लावली. उंब्रज दोघांच्या मधे राहिलं.

मालती गेली, माझा संसार संपला, त्या वर्षी तू दर रविवारी एसटीनं कराडला उतरून, गाडी बदलून माझ्याकडे यायचास. सांत्वनाचं एक अक्षर बोलायचा नाहीस. घरून रशीदा भाभींनी दिलेला डबा उघडायचास, दोन ताटं घ्यायचास आणि समोर बसून जेवायला लागायचास. तुझ्यासारखा माणूस मन लावून जेवत असताना समोरच्याला नुसतं बसून राहणं शक्यच नसतं. मी जेवायचो. त्या वर्षी मी तग धरला तो तुझ्या जेवणावर. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. उलट तू निघालास की मी म्हणायचो, "हमीद, चार भाकरी जास्त होतात हं." आता हे वाक्य आठवलं की लाज वाटते.

दसऱ्याची प्रथा त्याच वर्षी पडली. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून जुनी लोखंडी वजनं फळीवर पडून असायची. ती वर्षातून एकदा, दसऱ्याला खाली उतरायची. तुम्ही तोलाईदार ती घासूनपुसून पाटावर मांडायचात, हळदकुंकू वाहायचात. शेठ नारळ फोडायचे. तू हात जोडून नाही, पण डोकं झाकून सगळ्यांच्या बरोबर उभा असायचास. दुपारी बाजार सामसूम झाला की मी पोचायचो. तुला आपट्याची पानं द्यायचो, आणि मग आपण दोघं एकामागून एक पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचो. तू भरबाजारात पुकारावं तसं पुकारायचास आणि गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचास. एक रांग तुझी, एक माझी. पहिल्या वर्षी तुझे सत्त्याण्णव आणि माझे सत्तेचाळीस. "हे बघ," तू म्हणालास, "माझ्यातनं तुला वजा केलं तरी एक पुरा माणूस उरतोय, वर व्याज."

त्या वर्षी मी निवृत्त झालो होतो आणि हाताशी वेळच वेळ होता. मी मासिकांतून, वर्तमानपत्रांतून वजनाबद्दल जे येईल ते कापून ठेवू लागलो. वाढलेल्या वजनानं हृदय दमतं, साखर वाढते, आयुष्य कमी होतं. हे खोटं नव्हतंच. पण मी ते ज्या आवाजात वाचून दाखवायचो, तो आवाज बरा नव्हता. बारक्या माणसाला एक गर्व असतो, हमीद. त्यानं काहीही कमावलेलं नसतं, नुसती भूक कमी असते, पण त्याला वाटतं आपण संयमी आहोत. मी तुझ्या पोटाकडे बघून बोलायचो, आणि तू गुळाचा खडा तोंडात टाकून ऐकायचास.

तुझंही एक उत्तर ठरलेलं होतं. मी कात्रण वाचून संपवलं की तू जवळचं एखादं पोतं उसवायचास आणि त्यात कोपरापर्यंत हात घालायचास. तळातून मूठभर हळकुंडं काढून एक मोडून दाखवायचास. "काटा वजन सांगतो, गड्या. माल न्हाई सांगत. वरनं वाळल्यालं दिसतंय, तळाला बुरशी आसती. मालात हात घालाय लागतोय." मी म्हणायचो, माणूस म्हणजे पोतं नव्हे. तू म्हणायचास, "व्हय, म्या भरल्यालं पोतं हाय. तू म्हंजे नुसतं रिकामं बारदान." शेजारच्या काट्यावरचे हमाल हसायचे. मला राग यायचा, कारण त्यावर माझ्याकडे कात्रण नसायचं.

तरी तू माझं ऐकलंस. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून. गूळ सोडलास, सकाळी कृष्णेच्या घाटावर चालायला जाऊ लागलास. वर्षभरानं दारावर पंचाण्णव लिहिलंस. दोन किलो. तेवढ्यासाठी तू किती पाय तोडले असशील, हे मी तेव्हा मोजलं नाही. मी म्हणालो, एवढंच?

पुढच्या दसऱ्याला तू काट्यावर चढलास आणि आकडा बघून मी चष्मा काढून परत लावला. एक्क्याऐंशी. एका वर्षात चौदा किलो. सदरा अंगावर पालासारखा लोंबत होता. मी पिशवीतून तुझ्यासाठी आणलेला नवा कातडी पट्टा काढला. मुद्दाम दोन भोकं जास्तीची पाडून आणली होती. तू तो कमरेला बांधलास तर त्यांतलं शेवटचं भोकही सैल झालं. आपण दोघंही हसलो. बाजारातला जो तो तुला म्हणत होता, काय उतरलास रं हमीद, दहा वर्षांनी लहान दिसतोयस. तू ते ऐकून खूश होतास, आणि तुझ्या धंद्यातलं शहाणपणही तुला तेच सांगत होतं. ओली हळद वजनाला भरते, पण तिला मान नसतो. शिजवून, उन्हात वाळवून चार-पाच पोत्यांचं एखादं पोतं होतं, तेव्हा ती बाजारात उभी राहते. जन्मभर तू वजन उतरल्यावर मालाची प्रत चढलेली पाहिली होतीस. "वाळलो बघ शेवटी," तू म्हणालास. "आता माझा सौदा चांगला व्हतोय."

मी काही हळदवाला नाही. मला तरी कळायला हवं होतं. ज्याला दोन किलो उतरवायला वर्ष लागलं, त्याचे पुढच्या वर्षी चौदा किलो कसे उतरले, हा साधा प्रश्न मी विचारायला हवा होता. ग्रंथालयात एखाद्या फडताळातली पुस्तकं अशी भराभर कमी होऊ लागली असती, तर मी आधी कुलूप तपासलं असतं. तुझ्या बाबतीत मी पट्टा आणला.

आणि विचारणारं माणूस घरात होतं. त्याच दिवशी तुझ्याकडे जेवताना रशीदा भाभी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "भाऊजी, जरा ह्यास्नी सांगा. ह्ये जेवत न्हाईत. अर्ध्या भाकरीवर हात धुत्यात. पोट दुखतंय म्हंत्यात, पाठीत जातंय म्हंत्यात." मी त्यांना काय म्हणालो, ते तू ऐकलं आहेस. मी म्हणालो, "भाभी, शरीराला सवय लागली की भूक आपोआप आवरते. हे चांगलंच लक्षण आहे." लक्षण हा शब्द वापरला मी. त्या पदराला हात पुसत आत गेल्या. महिन्याभरानं मी फोन केला तेव्हा त्या पुन्हा तेच बोलल्या, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी जरा समजुतीच्या सुरात. शिकलेल्या माणसाचा समजुतीचा सूर फार वाईट, हमीद. समोरचं माणूस गप्प होतं आणि आपल्याला वाटतं, त्याला पटलं.

मग नवी हळद बाजारात आली. पौषाच्या अखेरीपासून तुमचं सगळं आवार पिवळं होतं. हमालांचे हात, तुझी नखं, सदऱ्याची कॉलर, कानाच्या पाळ्या, सगळ्यांवर हळदीची पूड. त्या दिवसांत पिवळं असणं म्हणजे कामावर असणं. तू पिवळा पडत चाललास ते कुणाच्या नजरेत आलं नाही. भाभींनी पाहिलं, एका शुक्रवारी, तू नमाजाला जायचा म्हणून अंघोळ करून उन्हात उभा होतास तेव्हा. हात धुतले गेले होते, कॉलर धुतलेली होती, आणि डोळ्यांतलं पांढरं तेवढं पिवळं राहिलं होतं. त्यांनी मला फोन केला नाही. त्यांनी रिक्षा बोलावली आणि तुला मिरजेला दवाखान्यात नेलं. बरं केलं. मला केला असता तर मी कदाचित म्हणालो असतो, हळद असेल.

तपासण्यांच्या दुसऱ्या दिवशी मी पोचलो. तरुण डॉक्टर होते, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, वजन किती दिवसांत उतरलं? तू तोलाईदार होतास, तू अंदाज सांगितला नाहीस. दसऱ्याला एक्क्याऐंशी, दिवाळीनंतर एकोणऐंशी, संक्रांतीला शहात्तर, काल चौऱ्याहत्तर, असं सांगितलंस. म्हणजे तू मधे मधे एकटाच काट्यावर चढत होतास, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आणि कुणाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की," तू म्हणालास. "समद्यास्नी लय चांगलं वाटलं."

तू हे कुणाला टोमणा म्हणून बोलला नव्हतास. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंस, नेहमीसारखं. म्हणूनच ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

स्वादुपिंडात गाठ होती. पसरलेली. नळी घालून कावीळ उतरवली, औषधं सुरू झाली. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, चार महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, हा आजार बहुतेक वेळा उशिरानंच सापडतो, सांगता येत नाही. यातला दिलासा घेण्यासारखा आहे हे मला कळतं. पण सांगता येत नाही याचा अर्थ काही फरक पडला नसता असा होत नाही. तो फरक किती, हे मोजणारा काटा कुठेच नाही, आणि तो नाही म्हणूनच मला सुटकाही नाही.

त्यानंतर मी पुन्हा वाचू लागलो, या वेळी सावकाश आणि कात्री न घेता. मी जे वाचून दाखवायचो त्यातच ते सगळं होतं. माणसाचं वजन एका बाजूला आणि मरणाचा धोका दुसऱ्या बाजूला, असं मांडून रेघ काढली तर ती नुसती चढत जात नाही. बाजूनं पाहिलेल्या परातीसारखी असते. एका बाजूला फार वजनाची माणसं, तिथे काठ वर जातो. दुसऱ्या बाजूला फार हडकुळी, तिथेही तो वर जातो. मधे तळ पसरट आहे, आणि उतारवयात थोडं मांस अंगावर असलेली माणसं त्या तळात बऱ्यापैकी निवांत बसलेली असतात. आजारपण आलं की खायला घरचं असतं, असं तू म्हणायचास ते अगदीच वेडगळ नव्हतं. आणि न ठरवता, न खटपट करता वजन उतरायला लागलं तर ते शुभ समजू नये, आधी कारण शोधावं, हे तर जवळजवळ प्रत्येक लेखात खाली कुठेतरी लिहिलेलं होतं. मी परातीचा तुझ्या बाजूचा काठ तेवढा कापून ठेवला होता. माझ्या बाजूचा काठ कचऱ्यात.

तू पूर्ण बरोबर होतास असं मी अजूनही म्हणणार नाही, हमीद. सत्त्याण्णव जास्तच होते. तुझे गुडघे बोलायचे, जिना चढताना तू मधेच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचास. वाद माझा चुकीचा नव्हता, मी तो चुकीच्या ठिकाणी थांबवला. आकडा मला हवा तिकडे जाऊ लागला तसा मी मालात हात घातला नाही.

त्या वर्षात मी किती वेळा सांगलीला आलो, ते एसटीचे कंडक्टर सांगतील. आता मला उलटी घाई झाली होती. आधी आकडा खाली यावा म्हणून धडपडलो, आता तो वर जावा म्हणून. दवाखान्यात तुला काट्यावर उभं केलं की मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघायचो. सत्तर, सहासष्ट, एकसष्ट. भाभी पेज करायच्या, तू दोन चमचे घ्यायचास. मी समोर बसायचो, पण मला तुझ्यासारखं जेवता येत नाही. मी जेवत बसलो म्हणून समोरच्याला भूक लागली, असं कधी झालेलं नाही. मग मीही जेवेनासा झालो. घरी आलो की कुकर लावायचाही कंटाळा यायचा. तू एकदा माझं मनगट बोटांत धरून मोजलंस आणि सोडून दिलंस.

दसरा आला. मी म्हणालो होतो, या वर्षी राहू दे. तू ऐकलं नाहीस. रिक्षानं आलास. उकाडा होता, आणि तू अंगात जाकीट घातलं होतंस. मी विचारलं तर म्हणालास, थंडी वाजतीया. आजारात वाजते, म्हणून मी पुढे विचारलं नाही. पूजा होऊन गेली होती, लोखंडी वजनं पाटावर कुंकू लावलेली तशीच होती. तू त्यांच्यापाशी बराच वेळ बसलास. मला वाटलं, जुन्या दिवसांची आठवण काढतो आहेस. तू मला बाहेरून पाणी आणायला पाठवलंस. मी आलो तोवर तू काट्याजवळ उभा होतास, दोन्ही हात जाकिटाच्या खिशांवर ठेवून.

आधी मी चढलो. पंचेचाळीस. तू पुकारलंस, पण हळू. मग तू चढलास. आणि तुझा आवाज गोदामभर गेला, जुना, भरबाजारातला. "अठ्ठावन्न!"

आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात पंचावन्न भरलेले मी स्वतः पाहिले होते. तीन किलो वाढले. मी तुझा हात धरला. "बघ," तू म्हणालास, "चढाय लागलो. आता तरी जेव, मुडद्या." त्या दिवशी तुझ्याकडे मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तू भिंतीला टेकून बघत बसला होतास. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आशा समजलो. निघताना तू म्हणालास, "वश्या, तू जरा भर. दोन्ही पारडी एकदम वर जाऊ न्हाईत. एक तरी खाली ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, आपण दोघंही भरू. तुला काहीतरी बोलायचं होतं, पण रिक्षावाला घाई करत होता.

तिथून तू अडीच-तीन महिने होतास. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. भाभी होत्या, त्या जाणतात.

जनाजा बाजारातल्या हमालांनी उचलला. माझाही खांदा लागला. हमालांचा खांदा म्हणजे दुसरा काटाच, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यांतला एक म्हातारा, ज्यानं तुझ्या काट्यावर वीस वर्षं पोती चढवली, चालता चालता स्वतःशीच आकडा पुटपुटला आणि लगेच जीभ चावली. मी ऐकलं. कुणी रागावलं नाही. त्यानं तुला त्याच्या परीनं शेवटचं तोललं, एवढंच.

मग चाळीसाव्याला मी आलो. फातिहा झाला, माणसं जेवून पांगली. भाभींनी तुझं जाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर दोन लोखंडी वजनं ठेवली, दोन-दोन किलोची. खाचांत कुंकू वाळून बसलं होतं. "दसऱ्यापास्नं खुंटीला हुतं," त्या म्हणाल्या. "काल धुवाय घेतलं तर खिशात ही. ह्ये काय हाय ते तुमा दोघांस्नीच ठाऊक." मी वजनं हातात घेतली. अठ्ठावन्नातून चार गेले, चोपन्न. दवाखान्यातल्यापेक्षा एक कमी. तू चढत नव्हतास. तू माझे पंचेचाळीस बघायच्या आधीच ते ओळखले होतेस, आणि मला जेवायला घालण्याचा तुझ्यापाशी एकच मार्ग उरला होता.

मला भाभींना जे सांगायचं होतं ते मी वर्षभर घोटत आलो होतो. मी म्हणालो, "भाभी, तुम्ही दोनदा सांगितलंत. मी दोन्ही वेळा तुम्हाला गप्प बसवलं. चूक माझी होती."

त्यांनी माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं. मग म्हणाल्या, "व्हय." आणि वाढता वाढता, "त्ये तुमच्यावर कवा रागावलं न्हाईत. मी रागावले हुते. लय दिस. पर मीबी तिसऱ्यांदा बोलले न्हाई. वाटलं, शिकल्यालं मानूस म्हंतंय तर आसंल तसं." मी विचारलं, आणि आता? त्यांनी ताट पुढे सरकवलं. "आता जेवा. गार व्हतंय."

ही माफी होती की नव्हती, मला ठरवता येत नाही. मी जेवलो. पूर्ण जेवलो.

मग वजनं परत करायला बाजारात गेलो. सौदे सुरू होते, आवार पिवळं झालं होतं. तुझ्या काट्यावर दुसरा तोलाईदार होता, त्यानं मला ओळखलं आणि एक पोतं उतरल्यावर काटा मोकळा ठेवला. मी वजनं फळीवर त्यांच्या जागी ठेवली. दाराशी जाऊन आपल्या दोन्ही रांगा वाचल्या. खाली खोक्यात खडू होता. तुझ्या अठ्ठावन्नापुढे चोपन्न लिहावं का, असं क्षणभर मनात आलं. खरं-खोटं नीट लावून ठेवायची माझी जन्माची सवय. लिहिलं नाही. सगळ्या आयुष्यात एकदाच तू माप मारलंस, तेही कुणाच्या तरी पोटात चार घास जास्त जावेत म्हणून. ते तसंच राहू दे.

भाभींनी दिलेलं तुझं जाकीट मी अंगात घालून आलो होतो. ते काढून दाराच्या कडीला अडकवलं, चपला बाजूला काढल्या आणि काट्यावर चढलो. पुकारायला कोणी नव्हतं. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं, मला आवाज चढवायची सवय नाही. तरी जमेल तेवढ्या मोठ्यानं पुकारलं. बाजूचे हमाल क्षणभर थांबले, पण हसलं कुणी नाही.

सत्तेचाळीस, हमीद. बारदान वजा जाता.